विमानात बसायला क्लबचं कार्ड दाखवावं लागायचं, फ्रेडी लेकरने लंडन-न्यूयॉर्कचं तिकीट थेट ५९ पौंडांवर आणलं

फिरायला जायचं ठरलं की आपण पहिलं काम काय करतो, तर मोबाईलवर तिकिटांचे दर बघत बसतो. तारीख एक दिवस अलीकडे, एक दिवस पलीकडे. पहाटेचं विमान स्वस्त पडतंय का, बॅग कमी केली तर किती वाचतील, सगळी गणितं करून झाली की मग कुठे बुकिंग होतं.

पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी लंडनहून न्यूयॉर्कला जायचं असतं, तर ही शोधाशोध करून फारसा उपयोग नव्हता. कुठल्याही मोठ्या कंपनीच्या काउंटरवर जा, भाव जवळपास तोच. कारण साधं होतं. आंतरराष्ट्रीय विमान कंपन्या 'आयाटा' या त्यांच्या संघटनेच्या बैठकीत एकत्र बसायच्या, दर ठरवायच्या आणि आपापल्या सरकारांकडून त्यावर शिक्का मारून घ्यायच्या. बहुतेक कंपन्या सरकारच्याच मालकीच्या, त्यामुळे शिक्का मारायला अडचण नव्हती. एखाद्याने कमी दरात तिकीट विकलं तर तो नियम मोडणारा ठरायचा.

हा ठरवलेला भाव फोडायला एका माणसाने सहा वर्षं घालवली, स्वतःच्या देशाच्या सरकारला कोर्टात खेचलं, जिंकला आणि नंतर दिवाळखोरही झाला. नाव होतं फ्रेडी लेकर.

६ ऑगस्ट १९२२ ला इंग्लंडमधल्या कँटरबरी गावात त्याचा जन्म झाला. बाप जहाजावर कामाला. फ्रेडी लहान असतानाच तो घर सोडून गेला आणि आईने पोराला वाढवलं. अभ्यासात काही खास नव्हता. सोळाव्या वर्षी रॉचेस्टरला शॉर्ट ब्रदर्स या विमान बनवणाऱ्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीमध्ये गेला. कारखान्यातून निघालेली किंवा दुरुस्त झालेली विमानं हवाई दलाच्या तळांवर पोचवायची, हे या संस्थेचं काम. तिथे गडी विमान दुरुस्तही करायला शिकला आणि उडवायलाही.

युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये जुन्या विमानांचा ढीग लागला होता. फ्रेडीने विमानांचे सुटे भाग आणि भंगार घ्यायचा-विकायचा धंदा सुरू केला. १९४८ मध्ये एका ओळखीच्या माणसाकडून कर्ज काढून त्याने १२ जुनी हॅल्टन विमानं घेतली. ही मूळची बॉम्बफेकी विमानं, नंतर प्रवाशांसाठी बदललेली. एवढ्या विमानांचं करणार काय, हा प्रश्नच होता.

आणि त्याच उन्हाळ्यात सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते आणि रेल्वे बंद केली. लाखो लोकांच्या शहराला पीठ, कोळसा, पेट्रोल सगळं विमानाने पोचवायची वेळ आली. उडू शकेल असं प्रत्येक विमान हवं होतं आणि फ्रेडीकडे विमानंही होती, सुटे भागही. त्यात त्याने चांगले पैसे कमावले. काम संपल्यावर त्यातली बरीच विमानं वितळवून ॲल्युमिनियम विकून टाकलं. नफा कशात आहे आणि तो कधी संपतो, हे त्याला वेळेवर कळायचं. निदान तेव्हा तरी.

पुढची काही वर्षं भराभर गेली. माणसांबरोबर त्यांच्या मोटारीही इंग्लिश खाडीपलीकडे नेणारी विमानं, मालवाहतूक, भाड्याने उड्डाणं असं सगळं त्याने करून बघितलं. १९५८ मध्ये स्वतःच्या कंपन्या विकल्या आणि १९६० मध्ये ब्रिटिश युनायटेड एअरवेजचा मॅनेजिंग डायरेक्टर झाला. १९६५ मध्ये वरच्यांशी पटेना म्हणून बाहेर पडला. १९६६ मध्ये दोन जुनी ब्रिटानिया विमानं घेऊन गॅटविकला लेकर एअरवेज सुरू केली.

आता इथून खरा विषय सुरू होतो.

लेकर एअरवेज ही चार्टर कंपनी होती. म्हणजे आपल्याकडे लग्नाला अख्खी बस ठरवतात तसं अख्खं विमान ठरवायचं. ट्रॅव्हल कंपनी विमान घेणार, सगळ्या सीट भरणार आणि स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यावर लोकांना सोडणार. विमान भरलेलं असल्याने माणशी खर्च कमी. त्यात फ्रेडीचं लक्ष बारीकसारीक गोष्टींवर. विमान हलकं राहावं म्हणून प्रवाशांना सामान कमी आणायला सांगायचं. टेकऑफला इंजिनाची पूर्ण ताकद लावायची नाही, म्हणजे इंजिन जास्त दिवस टिकतं. असं करत तो दर खाली ठेवायचा.

पण अटलांटिकपलीकडे, म्हणजे अमेरिकेला चार्टर न्यायचं तर एक विचित्र नियम होता. प्रवासी एखाद्या क्लबचे किंवा संस्थेचे किमान सहा महिने जुने सभासद असले पाहिजेत आणि ती संस्था फक्त स्वस्त प्रवासासाठी काढलेली नसावी. नियमामागचा हेतू स्पष्ट होता. मोठ्या कंपन्यांचं गिऱ्हाईक स्वस्त चार्टरकडे जाऊ नये.

मग लोकांनी काय केलं? जे कुणीही करेल तेच. कागदावर क्लब निघाले आणि मागची तारीख टाकून सभासदत्वाची कार्डं मिळायला लागली. अमेरिकेतल्या लेकीला भेटायला निघालेली आई कधीही न बघितलेल्या क्लबची सभासद व्हायची. सरकारी अधिकारी विमानतळावर येऊन चौकशी करायचे, क्लबचं नाव विचारायचे, उत्तर पटलं नाही की माणसाला उतरवायचे. १९७१ मध्ये गॅटविकला फ्रेडीच्या प्रवाशांवर अशीच वेळ आली. स्वतःच्या पैशाने तिकीट काढलेल्या साध्या माणसांना चोरासारखं उभं राहावं लागतंय, हे त्याच्या डोक्यात गेलं.

त्याच वर्षी त्याने सरकारकडे अर्ज केला. क्लब नको, कार्ड नको, आगाऊ बुकिंगही नको. रेल्वेसारखं करायचं. त्याच दिवशी काउंटरवर यायचं, तिकीट काढायचं, सीट असेल तर बसायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या विमानासाठी थांबायचं. जेवण हवं असेल तर वेगळे पैसे द्यायचे. नाव ठेवलं स्कायट्रेन.

अर्ज आधी फेटाळला गेला. १९७२ मध्ये नव्याने आलेल्या सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटीने लायसन्स दिलं. फ्रेडीने त्याच वर्षी ३४५ सीटची डीसी-१० विमानं आणली. पण अमेरिकेची परवानगी मिळत नव्हती. तोवर १९७३ चं तेलसंकट आलं, सगळ्याच विमान कंपन्या अडचणीत आल्या. १९७५ मध्ये ब्रिटनचे व्यापारमंत्री पीटर शोर यांनी ठरवलं की लांब पल्ल्याच्या एका मार्गावर एकच ब्रिटिश कंपनी राहील. न्यूयॉर्कच्या मार्गावर ती अर्थातच सरकारी ब्रिटिश एअरवेज. स्कायट्रेन रुळावर यायच्या आधीच बंद.

दुसऱ्या कुणी विमानं विकून विषय सोडला असता. फ्रेडी कोर्टात गेला.

त्याच्या वकिलांचा मुद्दा सोपा होता. १९७१ च्या कायद्यातच लिहिलं होतं की सरकारी मालकी नसलेल्या निदान एका ब्रिटिश कंपनीला संधी मिळाली पाहिजे. कायद्याने मंत्र्याला मार्गदर्शन करायचा अधिकार दिलाय, कायद्याचा उद्देशच उलटा करायचा नाही. हायकोर्टाने हे मान्य केलं. सरकार अपिलात गेलं, तिथे डिसेंबर १९७६ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या खंडपीठासमोरही सरकार हरलं. मंत्र्याच्या अधिकाराला मर्यादा कुठे, हे समजावताना कायद्याच्या पुस्तकांत अजूनही या केसचा दाखला देतात. एका स्वस्त तिकिटाच्या भांडणातून हे निघालं.

जून १९७७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनीही होकार दिला. २६ सप्टेंबर १९७७ ला पहिली स्कायट्रेन गॅटविकहून न्यूयॉर्कला उडाली. तिकीट एका बाजूचं ५९ पौंड. नेहमीच्या इकॉनॉमी तिकिटाच्या निम्म्याहूनही कमी. लोक आदल्या दिवसापासून रांगेत होते. पुढच्या उन्हाळ्यात तर लंडनमध्ये तिकिटासाठी लोक फुटपाथवर पथारी टाकून झोपायला लागले. आपल्याकडे २००३ मध्ये एअर डेक्कनच्या विमानात खाण्यापिण्याचे वेगळे पैसे लागायला लागले तेव्हा अनेकांना नवल वाटलं होतं, फ्रेडीच्या प्रवाशांनी ते २६ वर्षं आधीच करून झालं होतं.

मोठ्या कंपन्या काय करत होत्या? तर त्यांनीही स्टँडबायची तिकिटं काढली. म्हणजे विमान सुटायच्या आधी ज्या सीट रिकाम्या राहतील त्या स्वस्तात विकायच्या. संध्याकाळी मंडईत उरलेली मेथी जशी मिळेल त्या भावात काढून टाकतात, तसं. विमान एकदा उडालं की रिकाम्या सीटचं मोल शून्य. हे गणित त्यांना आधीही माहीत होतं, फक्त कुणी स्पर्धेला उतरेपर्यंत ते मांडायची गरज नव्हती. मुंबईहून निघणारं एअर इंडियाचं जम्बोही तेव्हा लंडनहून पुढे न्यूयॉर्कला जायचं, त्यामुळे या भावयुद्धात आपली कंपनीही आलीच.

१९७८ मध्ये फ्रेडीला सर ही पदवी मिळाली. स्कायट्रेन लॉस एंजलिसला गेली, नंतर मायामीला. आगाऊ बुकिंगही सुरू झालं. पाच वर्षांच्या आत ३० लाखांच्या आसपास लोक त्यातून अटलांटिक पार करून गेले.

इथेच त्याचा हिशोब चुकायला लागला. त्याला युरोपभर स्कायट्रेन न्यायची होती, जगाला फेरी मारणारी सेवाही हवी होती. परवानग्या हातात नव्हत्या, पण त्याने एअरबस ए-३०० आणि नवीन डीसी-१० यांच्या ऑर्डर देऊन टाकल्या. त्यासाठी काढलेलं कर्ज डॉलरमध्ये आणि कमाईचा मोठा भाग पौंडात.

१९८० च्या शेवटी एका पौंडाला साधारण २.४० डॉलर मिळायचे. १९८१ च्या ऑगस्टपर्यंत ते १.८० च्या आसपास आले. म्हणजे २४ लाख डॉलरचा हप्ता भरायला आधी १० लाख पौंड लागत असतील, तर आता १३ लाखांहून जास्त लागणार. विमान तेच, प्रवासी तेवढेच, तिकीट तेवढंच. ज्याचं सगळं बस्तान पै-पै वाचवण्यावर उभं आहे, त्याला हा फरक पेलणं अवघड होतं. त्याआधी १९७९ मध्ये शिकागोच्या अपघातानंतर सगळी डीसी-१० विमानं काही आठवडे जमिनीवर ठेवावी लागली होती, तो फटका वेगळाच.

आणि नेमक्या याच वेळी, १९८१ च्या शरद ऋतूत, पॅन ॲमने आपले दर फ्रेडीच्या बरोबरीला आणले. मग इतरांनीही. त्याच पैशात जेवण आणि जास्त सोयी मिळत असतील तर स्कायट्रेनने कोण जाईल?

५ फेब्रुवारी १९८२ ला लेकर एअरवेज बंद पडली. कर्ज २५ कोटी पौंडांहून जास्त होतं आणि हजारो प्रवासी परदेशात अडकले. पण झालं असं की लोक चिडण्याऐवजी पैसे पाठवायला लागले. कंपनी वाचवायला निधी उभा राहिला, त्यात लहान पोरांनी खाऊचे पैसेसुद्धा दिले. बुडालेल्या विमान कंपनीसाठी वर्गणी निघाल्याचं उदाहरण क्वचितच सापडेल. ती पुरणार नव्हतीच.

कंपनीची देणी निस्तरणाऱ्या लिक्विडेटरने मात्र वेगळाच रस्ता धरला. त्याने अमेरिकेच्या कोर्टात दावा ठोकला की ब्रिटिश एअरवेज, पॅन ॲम, टीडब्ल्यूए, लुफ्तान्सा आणि इतर कंपन्यांनी संगनमत करून लेकरला संपवलं. कर्ज देणाऱ्यांनी मदत करू नये म्हणून त्यांच्यावर दबाव आणला, असाही आरोप होता. अमेरिकेत फौजदारी चौकशीही सुरू झाली होती, ती १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी थांबवली. दिवाणी दाव्याचा निकाल लागलाच नाही. १९८५ मध्ये तडजोड झाली, देणेकऱ्यांना साधारण ४ कोटी ८० लाख डॉलर आणि फ्रेडीला स्वतःला ८० लाख डॉलर मिळाले. त्यामुळे कट खरंच झाला होता का, हे कोर्टात कधी सिद्ध झालं नाही. पण या दाव्याची टांगती तलवार असल्याने ब्रिटिश एअरवेजचं खाजगीकरण लांबलं, ते १९८७ मध्ये झालं.

दरम्यान १९८४ मध्ये रिचर्ड ब्रॅन्सनने त्याच गॅटविकहून व्हर्जिन अटलांटिक सुरू केली. त्याआधी तो फ्रेडीकडे सल्ला मागायला गेला होता. फ्रेडीने त्याला सांगितलं की मोठ्या कंपन्या आडव्या आल्या तर बुडायची वाट न बघता लगेच कोर्टात जायचं आणि जाहिरातीवर पैसे नसतील तर स्वतःच पेपरात झळकत राहायचं. ब्रॅन्सनने दोन्ही केलं. ब्रिटिश एअरवेजवर अब्रुनुकसानीचा दावा लावून १९९३ मध्ये भरपाईही वसूल केली. आपल्या एका जम्बोला त्याने नाव दिलं, स्पिरिट ऑफ सर फ्रेडी.

स्वतः फ्रेडी बहामाला जाऊन राहिला. १९९२ मध्ये, सत्तरीत, त्याने तिथे पुन्हा लेकर एअरवेज काढली. यावेळी महासागर वगैरे काही नाही, अमेरिकेतल्या सुट्टीवाल्यांना बेटावर आणून सोडायचं. ती २००५ मध्ये बंद झाली आणि ९ फेब्रुवारी २००६ ला फ्लोरिडात, वयाच्या ८३ व्या वर्षी, फ्रेडी लेकर गेला.