इतिहासाचार्य राजवाडे आणि घराण्यांची दप्तरे

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ साली झाला. ऐन तारुण्यात पत्नी निवर्तली. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. सारे आयुष्य जुन्या कागदांच्या शोधार्थ गावोगाव हिंडण्यात वेचले. जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर पडलेल्या सनदा, महजर, वंशावळी त्यांनी उजेडात आणल्या. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, पुढे एकूण २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले.

वंशावळ ही मिरवण्याची वस्तू नव्हे. वतन कोणाचे, वाटणी कशी झाली, याचा तो पुरावा होय. देवळाच्या जीर्णोद्धाराबरोबर ग्रामस्थांनी घरचे जीर्ण कागदही वाळवीपासून जपावेत, ही नम्र विनंती.