समुद्रतळाची वाट दाखवणारे कुस्तो

तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरणारा पर्यटक असो, वा लाल समुद्रात आठवडाभर बोटीवरच मुक्काम करून बुडालेली जहाजे आणि प्रवाळभिंती पाहणारा हौशी पाणबुड्या असो. दोघांच्याही तोंडातील श्वसनयंत्राचे मूळ एकच आहे. १९४३ मध्ये फ्रेंच नौदल अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो आणि अभियंते एमिल गान्यां यांनी हे यंत्र सिद्ध केले आणि तोवर मोजक्या व्यावसायिकांपुरते असलेले समुद्रतळाचे जग सामान्यांना खुले झाले. ते जग किती नाजूक आहे, हे उमगायला मात्र खुद्द कुस्तो यांनाही बराच काळ लागला.

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधील सेंट-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. १९३० मध्ये ते नौदल प्रबोधिनीत दाखल झाले. वैमानिक होण्याची त्यांची इच्छा होती. पण मोटार अपघातात दोन्ही हातांना गंभीर इजा झाली आणि ते स्वप्न भंगले. हातांत पुन्हा बळ यावे म्हणून तुलाँच्या किनाऱ्यावर पोहत असताना, १९३६ मध्ये सहकारी फिलिप तायेज यांनी त्यांना पाण्याखाली पाहण्याचा चष्मा दिला. त्या दिवसापासून त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली. पुढच्याच वर्षी सिमोन मेलशियोर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

युद्धकाळातील शोध

त्या काळी पाणबुड्याला जड शिरस्त्राण घालून, वरून नळीने येणाऱ्या हवेवर विसंबून राहावे लागे. पाठीवर टाकी घेण्याचे प्रयोग झाले होते. मात्र त्यांत हवा सतत वाहत राही व लवकर संपे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाल्याने फ्रान्समध्ये मोटारी कोळसा-लाकडापासूनच्या वायूवर चालवल्या जात. त्यासाठी गान्यां यांनी एक नियामक झडप तयार केली होती. तीच कुस्तो यांनी पाण्याखाली वापरायचे ठरवले. श्वास घेताच तेवढ्यापुरती हवा, तीही भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने, देणारे हे यंत्र 'अ‍ॅक्वालंग' म्हणून ओळखले गेले. त्याच वर्षी त्यांनी बुडालेल्या जहाजांवर एक लघुपटही चित्रित केला.

युद्धानंतर तायेज आणि फ्रेदेरिक द्युमा यांच्यासह त्यांनी नौदलाचा सागरतळ संशोधन गट उभारला. १९४८ मध्ये या गटाने ट्युनिशियातील माहदियाजवळ बुडालेल्या प्राचीन रोमन जहाजाचा शोध घेतला.

'कॅलिप्सो'वरचा संसार

१९५० मध्ये लोएल गिनेस या धनिकाने एक जुनी लाकडी नौका कुस्तो यांना वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने दिली. युद्धात सुरुंग काढण्यासाठी बांधलेली ही नौका पुढे माल्टा परिसरात प्रवासी वाहतूक करीत होती. हीच 'कॅलिप्सो'. तिच्या साहित्यासाठी व इंधनासाठी सिमोन यांनी स्वतःचे दागिने विकले. नौकेवर पतीपेक्षाही अधिक काळ त्याच राहिल्या.

खलाशी, संशोधक आणि छायाचित्रकार नौकेवरच राहत, तेथेच जेवत, झोपत आणि दिवसातून अनेकदा पाण्यात उतरत. किनाऱ्यापासून दूरच्या प्रवाळांपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग नव्हता. शिवाय खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यासाठी दोन बुड्यांमध्ये विश्रांती आवश्यक असते. आजच्या मुक्कामी डायव्हिंग सहलींचा दिनक्रम याहून फारसा वेगळा नाही.

१९५५ च्या मोहिमेत 'कॅलिप्सो'च्या पाणबुड्यांना लाल समुद्राच्या उत्तर भागात 'थिसलगॉर्म' हे ब्रिटिश मालवाहू जहाज सापडले. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी ते बुडवले होते. पोटात लष्करी ट्रक आणि मोटारसायकली तशाच होत्या. चमूने जहाजाची घंटा, कप्तानाची तिजोरी आणि एक मोटारसायकल वर आणली. नेमके ठिकाण मात्र जाहीर केले नाही. १९९० च्या दशकात ते पुन्हा सापडले आणि जगातील सर्वाधिक गर्दीच्या डायव्हिंग स्थळांत त्याची गणना होऊ लागली. बोटींनी थेट अवशेषांना दोर बांधल्याने त्याची हानी झाली आणि सामानही चोरीस गेले.

शिकारीपासून संरक्षणाकडे

या मोहिमेवरील, लुई माल यांच्यासह केलेल्या 'द सायलेंट वर्ल्ड' चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक आणि पुढे ऑस्कर मिळाले. याच चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडवल्याची आणि शार्क मारल्याची दृश्ये आहेत. पैशांसाठी 'कॅलिप्सो'ने १९५४ मध्ये इराणच्या आखातात तेलाचे सर्वेक्षणही केले होते.

मात्र वर्षांमागून वर्षे त्याच पाण्यात उतरताना कमी होत जाणारे मासे त्यांनी पाहिले. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सर्गी कचरा टाकण्याच्या योजनेला त्यांनी जाहीर विरोध केला व ती थांबली. १९६३ मध्ये सुदानच्या किनाऱ्यावरील प्रवाळभिंतीत, दहा मीटर खोलीवर, त्यांच्या सहकाऱ्यांनी महिनाभर वास्तव्य केले. दूरचित्रवाणी मालिकेमुळे ते घराघरांत पोहोचले. १९७३ मध्ये त्यांनी सागररक्षणासाठी 'कुस्तो सोसायटी' स्थापन केली. अंटार्क्टिकात खाणकाम नको, या मोहिमेतही ते अग्रभागी होते. १९९१ च्या माद्रिद कराराने तेथील खाणकामावर बंदी आली.

व्यक्तिगत जीवनात त्यांना मोठे आघात सोसावे लागले. १९७९ मध्ये धाकटे पुत्र फिलिप लिस्बन येथे विमान अपघातात मृत्युमुखी पडले. १९९० मध्ये सिमोन गेल्या. त्यानंतर कुस्तो यांनी दुसरा विवाह केला. थोरले पुत्र जाँ-मिशेल यांच्याशी कुस्तो नावाच्या वापरावरून न्यायालयीन वाद झाला. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात बार्जची धडक बसून 'कॅलिप्सो' बुडाली. पुढे ती वर काढण्यात आली. पण तिच्यावरून मोहीम पुन्हा निघाली नाही. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये कुस्तो यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी समुद्राचे तापमान वाढून लक्षद्वीपसह जगभरातील प्रवाळ पांढरे पडले. लक्षद्वीपवर हे संकट २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये पुन्हा आले. मालवणचा सागरी परिसर १९८७ पासून अभयारण्य आहे. समुद्रापासून दूर असलेल्या अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यांतील पर्यटकही आता तेथे प्रवाळ पाहायला जातात. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवतीजवळच्या समुद्रात बुडवून तेथे पाण्याखालील पर्यटनस्थळ उभारण्यासाठी २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आली. समुद्रात उतरण्याचे साधन कुस्तो यांनी दिले. तेथे काय जपायचे, हे शिकण्यात त्यांचे निम्मे आयुष्य गेले. आज उतरणाऱ्या पर्यटकांच्या हाती तेवढा अवधी नाही.