पालवणकर बाळू

पुण्यातील गोऱ्यांच्या जिमखान्यात दरमहा चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखणारा चर्मकार समाजातील एक तरुण सरावासाठी ग्रेग यांना चेंडू टाकू लागला आणि डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. ते पालवणकर बाळू. जन्म १८७६, धारवाड. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानात साऱ्यांच्या हाती चेंडू एकच. चहा मात्र बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात! पुढे मुंबईत रेल्वेची नोकरी सांभाळून ते हौसेने खेळत राहिले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियन संघाला हरवले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी मिळवले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच लाभले नाही. ते १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. खेळ थांबल्यावर बाळू राजकारणात उतरले. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. १९५५ साली त्यांचे निधन झाले.