हिल्डेसहाइमचे बिशप संत बर्नवर्ड

देवळाच्या ज्युबिलीचा प्रसंग आला म्हणजे ज्यांनी ते उभारले त्यांची आठवण निघते. पाया कोणी घातला, लाकूड कोठून आले, कोणत्या साली काम थांबले व पुन्हा कसे चालू झाले, हे वृद्ध मंडळी सांगतात आणि तरुण ऐकतात. अशा वेळी जर्मनीतील एका प्राचीन बिशपांचे चरित्र वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते. त्यांनी देऊळ नुसते बांधविले नाही, तर ओतारी, सोनार व गवंडी यांच्या कामात स्वतः लक्ष घातले. आणि इतके करूनही आपले मुख्य मंदिर पुरे झालेले त्यांनी पाहिले नाही.

संत बर्नवर्ड यांचा जन्म इसवी सन ९६०च्या सुमारास एका थोर सॅक्सन कुळात झाला. बालपणीच त्यांस हिल्डेसहाइम येथील कॅथेड्रलच्या शाळेत घालण्यात आले. तेथील गुरू थांगमार यांनी पुढे आपल्या या शिष्याचे चरित्र लिहिले; बर्नवर्ड यांच्याविषयी आपणांस जे ठाऊक आहे, ते बहुतेक त्यातूनच आले आहे. गुरूने शिष्याचे चरित्र लिहावे हा प्रकार विरळाच, आणि त्यात गुरूचे प्रेम ओसंडते हेही वाचकाने ध्यानात ठेवावे. प्रवासात घोड्यावर बसल्या बसल्या दोघांचा अभ्यास चाले, असे थांगमार सांगतात. पुस्तकी विद्येबरोबरच सुंदर अक्षर, चित्रकला, धातुकाम व इमारतकाम यांचीही या मुलास गोडी होती. ज्या काळी थोर घरचा मुलगा तरवार तरी धरी किंवा पोथी तरी, त्या काळी याने हातोडीही धरली.

माइन्झचे आर्चबिशप विलिगिस यांनी त्यांस गुरुपदाची दीक्षा दिली. ९८७ साली सम्राज्ञी थिओफानू यांनी त्यांस दरबारी बोलावून आपल्या ७ वर्षांच्या पुत्राचे, म्हणजे तिसऱ्या ऑटोचे, शिक्षक नेमले. दरबारी मंडळी बालराजाचे लाड पुरवून त्याची मर्जी संपादन करीत. बर्नवर्ड यांनी मात्र त्यास शिस्त लावली, आणि तरीही मुलाचे प्रेम त्यांच्यावरच जडले. ९९३ च्या जानेवारीत ते हिल्डेसहाइमचे बिशप झाले.

शहर त्या वेळी लहानच होते. बिशप बर्नवर्ड यांनी कॅथेड्रलच्या परिसरास बुरुजांसह तटबंदी घातली व उत्तरेकडून येणाऱ्या लुटारूंविरुद्ध प्रांताच्या सीमेवर गढ्या बांधल्या. सम्राट ऑटोकडून त्यांस पवित्र क्रूसाचा एक कण लाभला. त्यासाठी बांधलेल्या प्रार्थनामंदिराची प्रतिष्ठा ९९६ साली झाली. सकाळी मिस्सा, मग न्यायनिवाडा, गोरगरिबांस अन्नदान आणि त्यानंतर कारखान्यांत फेरी, असा त्यांचा दिनक्रम असे. कोणाचे काम सुबक आहे व कोणाचे ओबडधोबड, हे ते स्वतः पाहत.

त्यांच्या आयुष्यातील एक प्रकरण आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. गांडर्सहाइमचा स्त्रियांचा मठ हिल्डेसहाइमच्या अधिकारात की माइन्झच्या, यावरून बर्नवर्ड आणि त्यांस दीक्षा देणारे आर्चबिशप विलिगिस यांत वर्षानुवर्षे वाद चालला. मठातील राजकन्या सोफिया, सम्राटाची सख्खी बहीण, ही विलिगिस यांच्या बाजूची. दोघेही पुढे संत म्हणून पूजिले गेले. पण संतांनाही हद्दीच्या भांडणातून सुटका नव्हती. शेवटी बर्नवर्ड स्वतः रोमला गेले. १००१ च्या जानेवारीत पोप दुसरे सिल्व्हेस्टर व सम्राट यांच्यासमक्ष भरलेल्या धर्मसभेने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. तथापि विलिगिस यांनी आपला हक्क सोडला तो १००७ साली. मध्यंतरी, १००२ साली, तरुण सम्राट अवघ्या २१व्या वर्षी मरण पावला होता. शिष्याच्या मृत्यूचे दुःख बर्नवर्ड यांस किती झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

परंतु त्या रोमच्या प्रवासाचे फळ मठाच्या हक्काहून मोठे ठरले. तेथे सम्राट ट्रेजनचा, युद्धप्रसंग वेटोळ्याने कोरलेला प्रचंड स्तंभ उभा आहे. आव्हेंतीन टेकडीवरील संत साबिनाच्या देवळास बायबलातील प्रसंग कोरलेली प्राचीन लाकडी दारे आहेत. हे सारे त्यांनी पाहिले असावे, असे विद्वान मानतात, आणि पुढील कामे पाहता आम्हांसही तसेच वाटते.

१०१५ सालची काशाची दारे हे त्यांचे सर्वांत थोर काम होय. १५ फुटांहून उंच अशी ही दोन दारे. प्रत्येक दार एकाच ओतीत ओतलेले, जोड कोठेही नाही. मेणाची आकृती, तीवर मातीचा लेप आणि मग तापलेल्या धातूचा ओघ: या रीतीत क्षणाची चूक झाली तरी सारा साचा फुकट जातो. एवढे मोठे दार अखंड ओतण्याचे धाडस त्या प्रांतात कोणी केलेले नव्हते.

दारांवर १६ चित्रे आहेत. डाव्या दारावर वरून खाली उतरत जावे: आदाम व एवेची निर्मिती, मोह, बागेतून हकालपट्टी, कष्टाचे जीवन, आणि तळाशी काइनाने केलेला हाबेलचा वध. मग उजव्या दारावर खालून वर चढावे: पवित्र मरियेस देवदूताचा संदेश, ख्रिस्तजन्म, मागी राजांचे आगमन, मंदिरातील अर्पण, पिलाताचा न्याय, क्रूस, रिकामी कबर, आणि माथ्यावर मरिया माग्दालेनेस झालेले पुनरुत्थित प्रभूचे दर्शन. एका दाराने मनुष्य पडतो, दुसऱ्याने उचलला जातो. समोरासमोरची चित्रेही एकमेकांशी बोलतात. निषिद्ध फळाच्या झाडासमोर क्रूस आहे. तान्ह्या बाळास पाजणाऱ्या एवेसमोर बाळ येशूला घेतलेली मरिया आहे. आदामाच्या न्यायाच्या चित्रात परमेश्वर आदामाकडे बोट दाखवितो, आदाम एवेकडे आणि एवा सर्पाकडे. गावचे तंटे मिटविताना बोटांची ही साखळी आम्ही अनेकदा पाहिली आहे. ज्यास अक्षरओळख नाही असा शेतकरीही हे दार वाचू शकत होता, आणि ते त्याच्यासाठीही होते.

काही वर्षांनी काशाचाच स्तंभ झाला, १२ फुटांहून उंच. ट्रेजनच्या स्तंभावर राजाचा विजय आहे. येथे वेटोळ्याने वर चढणारी २४ दृश्ये प्रभूच्या बाप्तिस्म्यापासून यरुशलेमप्रवेशापर्यंतची आहेत.

या साऱ्या वैभवास घर हवे होते. १०१० साली संत मिखाएलच्या मंदिराचे काम चालू झाले. बेनेडिक्टाइन मठाचे पहिले मठाधिपती गोडेरान कोलोनहून आले. रोमन शिल्पज्ञ विट्रुव्हियसच्या ग्रंथाची त्यांचे नाव असलेली प्रत उपलब्ध असल्याने आराखड्यातही त्यांचा हात असावा. मंदिराच्या दोन्ही टोकांस वेदीची दालने, दोन्हीकडे आडवी दालने, त्यांवर भक्कम मनोरे व बाजूस जिन्याचे चार गोल बुरूज. जेथे दालने छेदतात तो चौरस हेच सर्व इमारतीचे माप. मध्यदालन अशा तीन चौरसांचे. एक चौकोनी खांब, मग दोन गोल स्तंभ, पुन्हा चौकोनी खांब, अशी ठेवण. दर्शनी भपका त्यात नाही, पण आत पाऊल टाकणारास मापाचा संयम जाणवतो.

१०१५ साली पश्चिमेकडील भुयारी मंदिराची प्रतिष्ठा झाली. मुख्य मंदिराचे काम रेंगाळले. बिशप म्हातारे व आजारी झाले. तेव्हा १०२२ च्या २९ सप्टेंबरला, संत मिखाएलच्या सणी, त्यांनी अपुऱ्याच मंदिराची प्रतिष्ठा केली. ११ नोव्हेंबरला बिशपपदाचे वैभव बाजूस ठेवून त्यांनी मठवासीयांचा साधा झगा परिधान केला आणि २० नोव्हेंबरला देह ठेवला. स्वतःसाठी करून ठेविलेल्या दगडी शवपेटीत त्यांस भुयारी मंदिरात पुरण्यात आले. उरलेले काम उत्तराधिकारी संत गोडेहार्ड यांनी १०३३ साली पुरे केले. बाराव्या शतकाच्या अखेरीस पोप तिसरे सेलेस्टीन यांनी बर्नवर्ड यांस संतपद दिले.

पुढील शतकांनी या वास्तूस सुखाने राहू दिले नाही. आगी लागल्या. सोळाव्या शतकातील धर्मफुटीत वरचे मंदिर लुथरपंथीयांकडे गेले. स्तंभावरील क्रूस नाहीसा झाला. २२ मार्च १९४५ रोजी, युरोपातील महायुद्ध संपण्यास दोन महिनेही उरले नव्हते, तेव्हा बॉम्बवर्षावात हिल्डेसहाइम शहर जळाले. कॅथेड्रल व संत मिखाएलचे मंदिर यांच्या भिंती तेवढ्या राहिल्या. परंतु दारे व स्तंभ लोकांनी आधीच हलवून ठेवले होते. संत मिखाएलच्या मंदिरातील तेराव्या शतकातील रंगीत छत, सुमारे १३०० लाकडी तुकड्यांचे, तेही १९४३ सालीच उतरविलेले होते. कॅथेड्रलच्या भिंतीवरील प्राचीन गुलाबाचे झाड जळून गेले, आणि त्याच वर्षी राखेखालच्या मुळांतून त्यास नवे कोंब फुटले.

१९५७ पर्यंत संत मिखाएलचे मंदिर पुन्हा उभे राहिले. मधल्या काळातील फेरफार वगळून बर्नवर्ड यांच्याच मूळ आराखड्याप्रमाणे. कॅथेड्रल १९६० साली पुरे झाले. युनेस्कोने १९८५ साली दोन्ही मंदिरे जागतिक वारशात घेतली. दारे व स्तंभ आज कॅथेड्रलमध्ये आहेत.

संतांची कबर मात्र जेथे होती तेथेच आहे. वर लुथरपंथीय बांधवांची उपासना चालते, आणि त्याच छताखालचे भुयारी मंदिर मात्र कॅथोलिकांकडे आहे. तेथे काही पायऱ्या उतरून गेले म्हणजे बर्नवर्ड यांची दगडी शवपेटी दिसते.