रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

पांढुर्ण्याहून आगगाडीत बसून नागपुरास जाणाऱ्या आमच्याकडील बहुतेक कुटुंबांस हिस्लॉप कॉलेज हे नाव परिचयाचे आहे. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ ते नाव ठेवले गेले ते हिस्लॉप कोण, असे विचारले तर एक ख्रिस्ती धर्मोपदेशक, एवढेच उत्तर मिळते. ते उत्तर चुकीचे नव्हे, पण फार अपुरे आहे. प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत एका सूक्ष्म जलचराच्या प्रजातीस हिस्लोपिया असे नाव आहे. एका धर्मोपदेशकाचे नाव प्राण्यांच्या यादीत कसे जाऊन बसले, हे समजून घेण्यासारखे आहे.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील डन्स या गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी झाला. उच्च शिक्षण पुरे करून ते मिशनच्या कार्यास लागले आणि १८४५ च्या आरंभी नागपूर भागात येऊन पोहोचले. त्या वेळी नागपुरास भोसल्यांचे राज्य होते. हिस्लॉप मराठी शिकले. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा काढली. १८४७ साली रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी म्हणून आले. दोघांनाही सृष्टिनिरीक्षणाची आवड होती. कामातून मिळालेल्या फावल्या वेळात ते माळरान, ओढे, विहिरींची खोदाई व दगडांच्या खाणी पाहत हिंडत.

सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रातील काळा गोटा आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती केव्हा तरी आलेला आहे. गोटमारीच्या दिवशी तो कोणत्या कामी येतो ते येथे सांगावयास नकोच. हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असे लाव्हाचे थरावर थर दख्खनवर पसरले. अशा दगडात कोणी शंखशिंपले शोधावयास जाणार नाही. परंतु दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत कोठे कोठे तळी साचली, त्यांच्या तळाशी गाळ बसला, आणि त्या गाळात प्राण्यांचे अवशेष राहिले. नागपूरजवळच्या टाकळी येथे असाच एक थर १८५१ च्या सुमारास हिस्लॉप व हंटर यांच्या दृष्टीस पडला. त्यात गोड्या पाण्यातील शंख होते, माशांचे खवले होते, बिया व फळे होती, आणि कीटकांच्या पंखांवरील कठीण आवरणेही होती.

येथेच खरे काम सुरू होते. शंख सापडणे ही दैवाची गोष्ट; तो कोणाचा, हे ठरविणे ही शास्त्राची. सजीवांची मांडणी सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती अशा उतरत्या पायऱ्यांनी करतात, हे आपण वर्गात शिकतो. टाकळीचे शंख मृदुकाय संघातील उदरपाद वर्गाचे, हे सहज कळते. पुढची पायरी मात्र अवघड. शंखाचे टोक वर व तोंड आपल्याकडे धरले असता बहुतेक शंखांचे तोंड उजव्या हातास येते. टाकळीच्या थरातील फायसा या शंखाचे तोंड मात्र डाव्या हातास येते. केवळ एवढ्या एका वळणावरून त्याचे कुल ओळखण्यास आधार मिळतो. नदीकाठी सापडलेला शंख असा धरून पाहावयास कोणासही खर्च पडत नाही.

याहून मोठा शोध नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे लागला. तेथील वालुकाश्मात एका प्राण्याची रुंद, चपटी कवटी मिळाली. तिचा निवाडा आपण करावा असा आग्रह हिस्लॉप यांनी धरला नाही. ती विलायतेस गेली आणि रिचर्ड ओवेन या थोर शरीररचनाशास्त्रज्ञांच्या हाती पडली. डायनोसॉर हा शब्द ज्यांनी १८४२ मध्ये रूढ केला तेच हे ओवेन.

कवटीवरून वर्ग कसा ओळखतात? मानेच्या पहिल्या मणक्याशी कवटी जेथे सांधली जाते, तेथे सरपटणाऱ्या प्राण्यांस व पक्ष्यांस एकच उंचवटा असतो, बेडकासारख्या उभयचरांस दोन असतात. पण सस्तन प्राण्यांसही दोनच असतात, म्हणजे आपणांसही! तेव्हा एका खुणेवर विसंबून चालत नाही. दातांची घडण, नेत्रकोटरांची जागा, टाळूची हाडे, हे सर्व एकत्र ताडून पाहावे लागते. ओवेन यांनी तो प्राणी प्राचीन उभयचरांपैकी ठरविला आणि १८५५ मध्ये त्यास ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. पहिल्या शब्दाचा अर्थ आखूड तोंडाचा, दुसऱ्याचा रुंद डोक्याचा. नावातच वर्णन आले. हा प्राणी टाकळीच्या शंखांहून कितीतरी जुना, सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पुढे दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया येथेही त्याचे सगेसोयरे सापडले, आणि त्या सर्वांच्या कुलास मांगलीच्या या प्राण्यावरूनच नाव मिळाले.

मांगलीच्याच खडकात दोन झडपांचे इवलेसे शिंपलेही होते. पाहणारा त्यांस निःशंकपणे मृदुकाय म्हणेल. पण ते निघाले संधिपाद, म्हणजे खेकडा-कोळंबीचे दूरचे आप्त. झडपांच्या आत सांध्यांचे पाय असलेला प्राणी राहत असे. रूपर्ट जोन्स यांनी १८६२ मध्ये त्यांचे वर्णन केले. बाहेरच्या रूपावरून जात ठरविणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

हिस्लॉप व हंटर यांचा नागपूरच्या भूस्तरांवरील निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात आला. हंटर त्याच सुमारास मायदेशी परतले. शंखांवरील हिस्लॉप यांचा स्वतंत्र निबंध १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. थरांच्या क्रमासंबंधी त्यांनी बांधलेले काही तर्क पुढील भूवैज्ञानिकांनी मान्य केले नाहीत. परंतु त्यांनी जमविलेले नमुने आजही अभ्यासकांस उपयोगी पडतात. आमच्या मते त्यांचा मोठेपणा ह्यातच आहे, की प्रत्येक वस्तू कोठे मिळाली ते नीट टिपून ठेवावे आणि जो तिचा जाणता त्याच्याकडे ती पाठवावी, असा त्यांचा रिवाज होता. मांगलीची कवटी मात्र लंडनच्या संग्रहातच राहिली, याची आम्हांस थोडी खंत वाटते.

मुंबईचे डॉक्टर हेन्री कार्टर यांनी १८५८ मध्ये नागपूर भागातील एका गोड्या पाण्यातील प्राण्याचे वर्णन केले. ब्रायोझोआ संघातील हे जीव वसाहत करून दगडांवर व पाणवनस्पतींवर शेवाळासारखे पसरतात. प्रत्येकाच्या तोंडाभोवती बारीक स्पर्शकांचे कडे असते. त्यासच हिस्लोपिया लॅकुस्ट्रिस असे नाव मिळाले.

हिस्लॉप यांची जिज्ञासा दगडांपुरती नव्हती. गोंड लोकांची भाषा, चालीरीती व कथागीते त्यांनी पुष्कळ परिश्रमाने टिपून घेतली. १८६३ च्या पावसाळ्यात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहावयास गेले. ४ सप्टेंबर रोजी तेथून घोड्यावरून परतताना वाटेतील ओढा ओलांडावा लागला. ओढ्यास पूर आलेला होता. त्यात बुडून हिस्लॉप यांचा अंत झाला. आणखी चार दिवसांनी त्यांस शेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती. गोंडांविषयीची त्यांची टिपणे अपुरीच राहिली होती. ती टेंपल यांनी नीट लावून १८६६ मध्ये छापून प्रसिद्ध केली.