बाबासाहेब आणि त्यांचे कॉलेजमित्र नवल भथेना



परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र आपल्या घराघरात माहीत आहे. महाडचा सत्याग्रह, राज्यघटना, नागपूरची दीक्षा हे सगळं लहान पोरंसुद्धा धडाधड सांगतात. पण विद्यार्थीदशेपासून बाबासाहेबांच्या पाठीशी उभा राहिलेला एक मित्र होता, त्याचे नाव फारसे कुणी घेत नाही. तो मित्र म्हणजे नवल भथेना.

१९१३ च्या जुलै महिन्यात २२ वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांना पारशी तरुण नवल भथेना यांची सोबत मिळाली. ज्यांना साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्यांना इथे आपल्याच देशातला एक माणूस बरोबरीने वागवत होता. ही मैत्री पुढे जन्मभराची झाली.

१९१५ साली एम.ए. करून पुढच्या वर्षी बाबासाहेब लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. करारानुसार बडोद्यात नोकरी धरली. एवढा शिकलेला माणूस, पण शिपाई लांबूनच फाइली फेकायचे. राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत जात लपवून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले!

इथे विचार करण्यासारखी गोष्ट आहे. काठ्या घेऊन आले ते पारशी, आणि जन्मभर साथ दिली तो मित्रही पारशीच. माणूस जन्मावरून नव्हे, कर्मावरून ओळखावा, ही तथागतांची शिकवण यापेक्षा वेगळी काय सांगते?

१९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये. परळच्या चाळीत राहून काटकसरीने पैसा साठवला. १९२० साली पुन्हा लंडन गाठले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि भथेनांनी ५,००० रुपये कर्जाऊ दिले. म्हणजे प्राध्यापकाचा अकरा महिन्यांचा पगार बघा! लंडनात अर्धपोटी राहून बाबासाहेब अभ्यास करीत. पैशांची अडचण आली की पत्र भथेनांनाच जाई. १९२३ साली बॅरिस्टर होऊन ते परतले, तर वकिलीची सनद घ्यायलाही खिशात पैसे नव्हते. तेव्हाही हाच मित्र धावून आला.

बाबासाहेबांनी या शिक्षणाचे काय केले? मोठी वकिली करून बंगल्यात सुखाने बसता आले असते. पण त्यांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. पुढच्याच वर्षी सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, मग औरंगाबादला मिलिंद. आपल्याला मिळालेला आधार त्यांनी हजारो पोरांपर्यंत पोचवला. १९५२ च्या जून महिन्यात त्याच कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली.

आज आपल्या वस्तीतली पोरं इंजिनिअर होतात, परदेशी जातात, याचा अभिमान वाटतो. पण काही जण नोकरी लागली की आडनाव लपवतात, विहाराची पायरी विसरतात. त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. कॉलेजात जीवाभावाचे मित्र जोडा, ते कुठल्याही जातीचे असोत. आणि वस्तीतल्या एखाद्या हुशार मुलाची फी अडली असेल, तर त्याचे नवल भथेना व्हा. बाबासाहेबांचे ऋण फोटोला हार घालून फिटणारे नाही, ते असेच थोडेथोडे फेडायचे असते.

जयभीम! नमो बुद्धाय!