रॉबर्ट बॉल्डविन ह्यांचे चरित्र

कॅनडा देशाच्या ज्या भागास पुढे ऑन्टारिओ हे नाव पडले, तेथील यॉर्क ह्या गावी (हेच पुढे टोरांटो शहर झाले) रॉबर्ट बॉल्डविन ह्यांचा जन्म १२ मे १८०४ रोजी झाला. वडील विल्यम वॉरन बॉल्डविन हे आयर्लंडातून आलेले वैद्य असून वकिलीही करीत व प्रांताच्या कायदेमंडळातही बसत. लोकांच्या प्रतिनिधींचा ज्यांवर भरवसा असेल त्यांनीच कारभार चालवावा, हे मत पुत्रास घरातच मिळाले.

१८२५ साली ते वकील झाले व १८२७ साली आपली आतेबहीण ऑगस्टा सलिव्हन हिच्याशी त्यांचा विवाह झाला. जानेवारी १८३६ मध्ये ती वारली. चार मुले मागे राहिली. हे दुःख त्यांनी जन्मभर वाहिले. पुढच्याच महिन्यात गव्हर्नराने त्यांस आपल्या मंडळात घेतले. परंतु मंडळाचा सल्ला घेतला जात नाही असे पाहून थोड्याच आठवड्यांत त्यांनी ते पद सोडले. १८३७ च्या बंडात ते सामील झाले नाहीत. उलट गव्हर्नराच्या विनंतीवरून पांढरे निशाण घेऊन बंडवाल्यांकडे गेले.

१८४१ साली इंग्रजी व फ्रेंच प्रांत एक करण्यात आले. फ्रेंचांचे बळ मोडावे, हा त्यात हेतू होता. फ्रेंच पुढारी लाफोंतेन ह्यांस दांडगाईमुळे निवडून येता आले नाही, तेव्हा बॉल्डविन ह्यांनी त्यांस आपल्या यॉर्ककडील जागेवर निवडून आणविले. लाफोंतेन रोमन कॅथोलिक, बॉल्डविन इंग्लंडच्या मंडळीचे! पुढे बॉल्डविन स्वतः हरले, तेव्हा १८४३ साली रिमूस्की येथील फ्रेंच मतदारांनी त्यांस निवडून दिले. ह्या प्रामाणिक गृहस्थांस फ्रेंच भाषा नीट येत नसे. म्हणून मुलांना तरी ती यावी ह्यासाठी त्यांनी त्यांस क्विबेकास शिकावयास पाठविले.

१८४८ साली दोघे पुन्हा अधिकारावर आले. १८४९ च्या कायद्याने गावांस व शहरांस आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क मिळाला. त्याच वर्षी, बंडात नुकसान झालेल्यांस भरपाई देण्याचा कायदा झाला म्हणून दंगेखोरांनी माँट्रियाल येथील पार्लमेंटगृह जाळले. तरी कायदा मागे घेतला गेला नाही.

१८५१ साली एका न्यायालयाच्या प्रश्नावर आपल्याच प्रांताचे बहुतेक सभासद विरुद्ध गेले. ठराव फेटाळला गेला होता, तरीही त्यांनी राजीनामा दिला. ९ डिसेंबर १८५८ रोजी ते मरण पावले. पत्नीची पत्रे छातीवर ठेवून आपली शवपेटी तिच्या पेटीस साखळीने बांधावी, असे त्यांनी लिहून ठेविले होते.